पारा, सोने आणि एक शपथ: दंतवैद्याचा निष्काळजीपणा कसा ओळखावा?

#थ्रेड

१/
किडलेल्या दातात काय भरावे, या एका प्रश्नावरून जगातील दंतवैद्यांची पहिली राष्ट्रीय संघटना अवघ्या सोळा वर्षांत विसर्जित झाली. इतिहासात हे प्रकरण 'अमाल्गमचे युद्ध' म्हणून ओळखले जाते. वरवर पाहता वाद पारा आणि सोने यांचा होता. त्याच्या मुळाशी मात्र वेगळाच प्रश्न होता: निष्काळजी दंतवैद्य कोणाला म्हणावे, आणि ते कशावरून ठरवावे?

२/
काळ १८३० च्या दशकाचा, स्थळ अमेरिका. दंतवैद्य होण्यासाठी तेव्हा ना पदवी लागे, ना परवाना. दंतव्यवसायाचे नियमन करणारा तेथील पहिला कायदा अलाबामा राज्यात झाला, तोही १८४१ मध्ये. त्याआधी हातात चिमटा आणि दारावर पाटी एवढ्या भांडवलावर कोणीही रुग्णाच्या तोंडात हात घालू शकत असे.

३/
जे थोडे कुशल दंतवैद्य होते, ते दात सोन्याने भरत. कीड पूर्ण कोरून काढायची आणि सोन्याचा पातळ वर्ख थरावर थर दाबत खड्डा भरायचा. काम तासन्‌तास चाले. ईथरची भूल १८४६ पर्यंत आलेली नव्हती. म्हणजे वेदना सोसाव्या लागत आणि वर खर्चही भारी. ज्याला हे परवडत नसे, त्याच्यापुढे दात उपटून घेण्यावाचून फारसा मार्ग नव्हता.

४/
अशा वेळी, १८३३ मध्ये, क्रॉकोर बंधू युरोपातून न्यूयॉर्कला उतरले. त्यांच्याजवळ एक नवे द्रव्य होते आणि त्याला भपकेबाज नाव होते: 'रॉयल मिनरल सक्सिडेनियम'. साध्या भाषेत, सोन्याच्या जागी वापरायचा 'राजेशाही' खनिज पर्याय. वेदना नाही, वेळ नाही, खर्च थोडा, अशी त्याची जाहिरात झाली आणि गिऱ्हाइकांची रीघ लागली.

५/
हे द्रव्य म्हणजे चांदीच्या नाण्यांचा कीस आणि पारा यांचे मिश्रण, अर्थात अमाल्गम. ते लोण्यासारखे मऊ असताना खड्ड्यात दाबायचे. थोड्या वेळाने ते आपोआप घट्ट होई. आपल्याकडे दवाखान्यात 'दातात चांदी भरली' असे म्हणतात, ती चांदी याच कुळातली.

६/
खरी मेख पुढे होती. क्रॉकोर बंधू दातातील कीड काढण्याच्या फंदात पडत नसत. किडीवरच ते मिश्रण थापत. वर झाकण बसले तरी आत दात सडतच राही. त्यातच त्या काळचे ओबडधोबड मिश्रण घट्ट होताना फुगे, त्यामुळे दात तडकत. शिवाय ते काळे पडत. तक्रारी वाढल्या आणि क्रॉकोर बंधूंनी लवकरच न्यूयॉर्क सोडले. त्यांचे द्रव्य मात्र तेथेच राहिले आणि इतर दंतवैद्यांच्या हातात गेले.

७/
याच सुमारास प्रामाणिक दंतवैद्य आपल्या व्यवसायाला शिस्त लावू पाहत होते. १८३९ मध्ये दंतवैद्यकाचे पहिले नियतकालिक निघाले. १८४० मध्ये बाल्टिमोरला जगातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. त्याच वर्षी 'अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्स' ही संघटना उभी राहिली. होरेस हेडन तिचे पहिले अध्यक्ष. जाणकार आणि भोंदू यांच्यात स्पष्ट रेषा आखणे, हा तिचा हेतू.

८/
ती रेषा संघटनेने अमाल्गमवरून आखली. १८४३ मध्ये तिने अमाल्गमचा वापर हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. १८४५ मध्ये सदस्यांवर लेखी शपथेची सक्ती झाली: दात भरण्यास कोणतेही अमाल्गम अयोग्य आहे, आणि आपण ते कोणत्याही परिस्थितीत वापरणार नाही. ज्यांनी नकार दिला, त्यांच्यावर कारवाई सुरू झाली; न्यूयॉर्कमधील सदस्यांनाही तिचा फटका बसला.

९/
संघटनेची भीती निराधार नव्हती. कॅलोमेल हे पाऱ्याचे औषध त्या काळी सर्रास दिले जाई. त्याच्या अतिरेकाने तोंडाला लाळ सुटते, हिरड्या सुजतात, दात हलू लागतात, हे वैद्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. तोच पारा जन्मभर दातात ठेवायचा, ही कल्पना कोणाही विचारी माणसाला खटकली असती.

१०/
तरीही या शपथेत एक मोठी गफलत होती. जो दंतवैद्य कीड नीट काढून, खड्डा कोरडा करून, काळजीपूर्वक अमाल्गम भरी, तो तिच्या लेखी दोषी. जो अर्धवट कीड आत ठेवून वर सोने दाबी, तो निर्दोष. क्रॉकोर बंधूंचा मुख्य अपराध कीड न काढण्याचा होता. शिक्षा झाली ती द्रव्याला. शिवाय सोने न परवडणाऱ्या रुग्णाचा दात वाचवण्याचा स्वस्त मार्गही या नियमाने बंद होत होता.

११/
परिणाम व्हायचा तोच झाला. संघटनेत फूट पडली, सदस्य गळू लागले. १८५० मध्ये शपथेची सक्ती मागे घ्यावी लागली, पण तोवर उशीर झाला होता. १८५६ मध्ये संघटना विसर्जित झाली. तीन वर्षांनी, १८५९ मध्ये, नायगारा फॉल्स येथे 'अमेरिकन डेंटल असोसिएशन' या नव्या संघटनेचा पाया घातला गेला.

१२/
अमाल्गमचा प्रश्न शपथेने नव्हे, मोजमापाने सुटला. जी. व्ही. ब्लॅक या अमेरिकी दंतवैद्याने वेगवेगळी मिश्रणे करून ती किती फुगतात, किती आक्रसतात, हे सूक्ष्म उपकरणांनी मोजले. १८९५ च्या सुमारास त्याने चांदी आणि कथील यांचे संतुलित प्रमाण मांडले. खड्डा कसा कोरावा, याचेही नियम त्याने घालून दिले. द्रव्य सुधारले आणि कृतीलाही शिस्त आली.

१३/
या युद्धात दोन प्रश्नांची सरमिसळ झाली होती. पहिला, उपचार कोणता निवडावा? दुसरा, निवडलेला उपचार काळजीने केला की नाही? पहिल्यावर जाणकारांचे प्रामाणिक मतभेद असू शकतात. दुसऱ्याच्या बाबतीत मतभेदाची ढाल पुरत नाही. हा फरक पुढे न्यायालयांनी स्पष्ट केला.

१४/
इंग्लंडमध्ये १९५७ च्या 'बोलम' खटल्यात सूत्र मांडले गेले: त्या विद्येतील जबाबदार जाणकारांच्या एका गटाला मान्य असलेली पद्धत वापरली, तर दुसऱ्या गटाचे मत वेगळे आहे एवढ्यावरून वैद्य निष्काळजी ठरत नाही. यात व्यवसाय स्वतःच स्वतःला निर्दोष ठरवील, हा धोका होता. म्हणून १९९७ च्या 'बोलिथो' खटल्यात पुरवणी जोडली गेली: जाणकारांचे ते मत तर्काच्या कसोटीवरही उतरले पाहिजे.

१५/
भारतात हा फरक ज्या निकालात ठळकपणे दिसतो, त्याचे मूळ महाराष्ट्रात आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यास नेले गेले. तेथे पुरेशी भूल न देता, जोर लावून पाय ओढून प्लास्टर घातले गेले. त्याच रात्री तो दगावला. वडिलांनी दाद मागितली आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

१६/
१९६८ मध्ये न्यायालयाने वैद्याची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरवताना काळजी, उपचार निवडताना काळजी, आणि उपचार करताना काळजी. उपचार निवडण्याचे स्वातंत्र्य वैद्याला आहे, हेही न्यायालयाने मान्य केले. पण प्रत्यक्ष कृतीत काळजी घेतली गेली नाही, म्हणून भरपाई कायम राहिली. रक्कम होती ३,००० रुपये. तत्त्वाचे मोल मात्र त्याहून कितीतरी मोठे ठरले.

१७/
हेच तत्त्व दंतवैद्यालाही लागू पडते. दातात चांदी भरली की दातासारख्या रंगाचे द्रव्य, एवढ्यावरून कोणी निष्काळजी ठरत नाही. भलताच दात उपटणे, हत्यारे निर्जंतुक न करणे, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का हे न विचारताच दाढ काढणे, हा मात्र निष्काळजीपणा. द्रव्य कितीही उंची असले, तरी तो त्याने झाकला जात नाही.

१८/
पाऱ्याची कथा अजून चालूच आहे. २०१३ च्या मिनामाता कराराने दातातील अमाल्गमचा वापर कमी करत नेण्याचे ठरवले. युरोपीय संघात २०२५ पासून तो जवळजवळ बंद झाला आहे. म्हणजे १८४५ च्या शपथेतील पाऱ्याविषयीची शंका अगदीच वाया गेली नाही. पण क्रॉकोर बंधूंच्या रुग्णाला दोन्ही वेळा एकच गोष्ट हवी होती: वर काहीही भरा, आधी आतली कीड काढा.