बिनशेपटीचे पोपट

रानातल्या पोपटाची शेपटी जाण्याची बहुतेक कारणे साधी असतात. पिसे बदलण्याच्या काळात जुनी पिसे थोडी थोडी गळतात. शिकाऱ्याच्या पंजात शेपटी सापडली, तर पिसे तिथेच सोडून पोपट निसटतो. मुळासकट उपटलेल्या पिसाच्या जागी काही आठवड्यांत नवे पीस येते. नवे पीस टिकतच नाही, तेव्हा मात्र प्रकरण वेगळे असते: त्यामागे एक रोग असू शकतो. या रोगाचा माग ऑस्ट्रेलियात लागला.

१८८०च्या दशकात ॲडलेडजवळच्या टेकड्यांत लाल पाठीच्या रानपोपटांची पिसे झडू लागली आणि त्यांना उडता येईना. एडविन ॲशबी या पक्षिनिरीक्षकाने ही हकीकत १९०७ मध्ये ‘एमू’ या पक्षिशास्त्रीय नियतकालिकात छापली. तिचा अर्थ लागायला आणखी पाऊणशे वर्षे गेली, आणि तोही रानात नव्हे, पिंजऱ्यात लागला. सिडनीचे पशुवैद्य रॉस पेरी यांच्याकडे १९७०च्या दशकात बोडके झालेले काकाकुवा येत असत. पेरी आणि डेव्हिड पास यांनी १९८४ मध्ये या रोगाचे सविस्तर वर्णन केले. चोच आणि पिसे या दोन्हींवरून त्याला नाव मिळाले. १९८९ मध्ये कारण हाती आले: सर्कोव्हायरस गटातला एक अतिसूक्ष्म विषाणू.

हा विषाणू वाढत्या पिसाच्या मुळाशी पेशी मारतो. कोवळ्या पिसाची नळी उलगडत नाही, आत रक्त साकळते, बुडाशी पीस आवळले जाते आणि तुटते. प्रत्येक पीसबदलात उणीव वाढत जाते. काकाकुव्यात पहिली खूण चोचीवर दिसते. पिसांची पांढरी भुकटी तयार होणे थांबल्याने एरवी राखाडी, धुरकट दिसणारी चोच काळी चकचकीत होते. अनुभव नसलेल्याला ती उलट निरोगी वाटावी! पुढे चोच वेडीवाकडी वाढते, तडकते. प्रतिकारशक्तीही ढासळते, त्यामुळे पुष्कळ पक्षी इतर संसर्गांनीच मरतात.

पिसांची भुकटी, विष्ठा आणि पिलांना भरवलेला चारा यांतून लागण होते. जुन्या निलगिरीच्या ढोलीत विषाणू दीर्घकाळ तग धरतो, आणि ढोल्या मोजक्याच असल्याने तिथेच पुढची जोडपी घरटे करतात. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाने कायद्याने या रोगाची गणना वन्यजीवांवरील प्रमुख संकटांत केली.

व्यापारात पिंजऱ्यांतून पोपट देशोदेशी गेले, तसा रोगही गेला. मॉरिशसमध्ये १९८०च्या दशकात जेमतेम दहा-बारा उरलेले स्थानिक एको पोपट मोठ्या कष्टाने वाढवले जात होते. २००५ मध्ये त्यांच्यात या रोगाची साथ आली. तोच विषाणू त्या बेटावर बाहेरून आलेल्या कंठवाल्या पोपटांतही सापडला. महाराष्ट्रात ज्याला नुसते ‘पोपट’ किंवा ‘राघू’ म्हणतात, तो हाच.