आधी वाघीण, मग इंजिन

शाळेच्या इतिहास दालनात छोटी रेल्वे मांडायची ठरली तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता, इंजिन कोणतं घ्यायचं? मी म्हटलं, इंजिन नंतर बघू, आधी वाघिणी घेऊ. मुख्याध्यापक सर हसले. "मालगाडीत बघण्यासारखं काय असतं?" असं त्यांनी विचारलं. हा लेख म्हणजे त्यांना तेव्हा नीट देता न आलेलं उत्तर आहे.

वाघीण हा शब्द आधी सांगतो, कारण उर्दूच्या तासाला त्यावरूनच गोंधळ झाला. इंग्रजी 'वॅगन'चं मराठीत वाघीण झालं आणि मालगाडीचा डबा म्हणून ते वर्तमानपत्रांतही रुळलं. पोरांना वाटलं, सर शेरनीबद्दल बोलत आहेत. घनसावंगीला रेल्वे नाही. गाडी बघायची तर परतूर किंवा जालना गाठावं लागतं. आमच्या तालुक्यातल्या रांजणीवरून गाडी जाते, पण गावातल्या पोरांसाठी तीही लांबच. वाघीण हा शब्द त्यांच्या कानावर आला नव्हता, यात त्यांची काही चूक नाही.

आता हा रूळ आला कसा ते बघू. निजाम राज्यात पहिली रेल्वे १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद अशी सुरू झाली, तीही ब्रॉडगेज. आपल्या भागाला आणखी पाव शतक थांबावं लागलं. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे बांधली गेली. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परतूर, परभणी, नांदेड करत हैदराबादपर्यंत, सुमारे ३९१ मैल. १८९९ ते १९०१ या काळात ती टप्प्याटप्प्यानं खुली झाली. नाव गोदावरी खोऱ्याचं, पण आमच्या तालुक्यात नदी दक्षिणेच्या हद्दीला आणि रूळ उत्तरेला. ही गोदावरी गाडीला भेटते ती पार बासरच्या पुलावर.

ही लाइन मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर एक मीटर. १८७० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या काळात खर्च वाचवण्यासाठी हिंदुस्थानात मीटरगेज आणायचं ठरलं, आणि जिथं कमी पैशांत लांब पल्ला गाठायचा तिथं तेच घातलं गेलं. मनमाडला मात्र मुंबईहून आलेली ब्रॉडगेज होती, १६७६ मिलिमीटरची. दोन्ही गाड्या एका स्टेशनात यायच्या, पण एकीची वाघीण दुसरीच्या रुळावर चढू शकत नव्हती.

लाइन तयार होत होती तेव्हाच छप्पनचा दुष्काळ पडला होता. त्यामुळे रेल्वे म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या माणसांना प्रवास नंतर आठवतो, आधी पोती आठवतात. बाहेरून येणारं धान्य आणि बाहेर जाणारा कापूस. जालन्याला 'सोने का पालना' म्हणतात, तो पाळणा कापसावर हलत होता. पूर्वी हा माल बैलगाड्यांवर आणि लमाणांच्या बैलांवर जायचा. रूळ आल्यावर जिनिंग-प्रेसिंगमधून दाबलेल्या गाठी थेट वाघिणीत चढू लागल्या. प्रवासी डब्यांत आपण फार कमी दिसतो. आपल्या घामाचा हिशोब मालडब्यात आहे.

माझे नाना मनमाडला हमाल होते. मीटरगेजच्या वाघिणीतून गाठ काढायची, फलाटावरून न्यायची आणि मुंबईकडच्या ब्रॉडगेज वाघिणीत रचायची, हे त्यांचं काम. पुढं घरी बसले तेव्हा म्हणायचे, "इस डब्बे का माल उस डब्बे में, बेटा, इसी में उमर गई." आजची प्रमाण गाठ १७० किलोची असते. त्यांच्या वेळच्या गाठी याच्या जवळपासच्याच. छोट्या रेल्वेत मला हीच जागा दाखवायची होती. म्हणून हट्ट वाघिणीचा.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून सुरू आहे. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. तिथलं काम बघून माणूस थक्क होतो, सगळं शहरच हलतं. ते एचओ मापाचं आहे, म्हणजे १:८७. या मापात सहा मीटरची वाघीण जेमतेम सात सेंटीमीटर होते. काचेमागून बघायला ते उत्तम, पण आमच्या वर्गात साठ पोरं, आणि मला त्यांच्या हातात गाठ द्यायची होती. म्हणून मोठं माप घेतलं.

मोठ्या मापात एक योग जुळून येतो. जर्मनीतल्या न्युरेंबर्गच्या लेमान कंपनीनं १९६८ मध्ये 'एलजीबी' नावाची मोठी खेळण्यातली रेल्वे आणली. तिच्या रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर, आणि माप १:२२.५. आता एक मीटर भागिले २२.५ करा. उत्तर ४४.४ मिलिमीटर. म्हणजे हे माप मुळात मीटरगेजचंच आहे. आपली मनमाड–हैदराबाद लाइन या रुळावर खोटेपणा न करता मांडता येते. मला हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही, हे कबूल करतो.

पण याच ४५ मिलिमीटरवर फसगतही होते. माझी झाली. हा रूळ एकच असला तरी त्यावर चालणारी मापं वेगवेगळी आहेत. युरोपातला १४३५ मिलिमीटरचा रूळ दाखवायचा तर १:३२ घेतात. अमेरिकन कंपन्या १:२९ करतात. तीन फुटी रुळासाठी १:२०.३ आहे. खोक्यावर मात्र बहुतेक वेळा नुसतं 'जी' लिहिलेलं असतं. मी एका विक्रेत्याकडून मागवलेली पहिली वाघीण रुळावर अगदी बरोबर बसली, पण दुसऱ्या वाघिणीशेजारी उभी केल्यावर सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, ये तो इसका बच्चा लगरा." ती १:३२ ची निघाली.

तेव्हापासून मी खोक्यावरचं अक्षर वाचत नाही, दरवाजा मोजतो. साडेपाच फुटी हमाल १:२२.५ मध्ये साडेसात सेंटीमीटरचा होतो. तेवढी पुठ्ठ्याची बाहुली कापून खिशात ठेवली आहे. ती दारातून गाठ घेऊन आत जाऊ शकते का? १:३२ मध्ये तोच माणूस सव्वापाच सेंटीमीटरचा, त्याच्या दारात आमचा हमाल वाकतो.

पैसे तीन वाघिणींपुरतेच होते, तेही शिक्षकांच्या वर्गणीतून. त्या पैशात सात-आठ स्वस्त डबे आले असते आणि गाडी लांब दिसली असती. तरी तीनच घेतल्या. धातूची चाकं असलेल्याच घ्यायच्या हे आधीच ठरवलं होतं. प्लास्टिकची चाकं रुळावर काळा थर सोडतात आणि डबा हलका राहतो, वळणावर उलटतो. धातूच्या चाकांमुळे वजन खाली येतं. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर ४० मिलिमीटरच्या आसपास असावं, नाहीतर सांध्यावर डबा उडी मारतो. आणि दरवाजा खरा सरकणारा हवा. नुसत्या कोरलेल्या दाराची वाघीण कितीही देखणी असली तरी आमच्या कामाची नाही, तिच्यात गाठ भरता येत नाही.

रूपाचा प्रश्न त्यानंतर येतो. लांबलचक बोगीचे अमेरिकन डबे, छतावर चालायची फळी आणि ब्रेकचं चाक असलेले, ते इथं परके वाटतात, शिवाय साठ सेंटीमीटर त्रिज्येच्या वळणावर बाहेर लोंबतात. आपल्या मीटरगेजच्या जुन्या बंदिस्त वाघिणी चार चाकांच्या, आखूड. आणि मधोमध एकच बफर. दोन्ही कोपऱ्यांना बफर असणं ही आपल्याकडे ब्रॉडगेजची खूण. स्वित्झर्लंडची ऱ्हेटियन रेल्वे आपल्यासारखीच खरी मीटरगेज आहे आणि तिच्या चार चाकी वाघिणी या मापात मिळतात. आम्ही तशाच दोन घेतल्या. तिकडची अक्षरं घासून काढली, रंग दिला. चित्रकलेचे सर आधी नाराज होते, एवढं महाग खेळणं खरवडताना त्यांचा हात थरथरला. तिसरी उघडी वाघीण, धान्याच्या पोत्यांसाठी.

मनमाडची ब्रॉडगेज वाघीण विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. १:२२.५ मध्ये तिचा रूळ साडेचौऱ्याहत्तर मिलिमीटरचा होतो. ती गावातल्या सुताराकडून प्लायवूडची करून घेतली. चालत नाही, फलाटाला लागून उभी असते. शेजारी उभं राहिलं की दोन गेजमधला फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

१९३० मध्ये ही लाइन निजाम सरकारनं स्वतःच्या ताब्यात घेतली, १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे झाली. मनमाडची अदलाबदल मात्र चालूच होती. १९९० च्या दशकात आपल्याकडचे रूळ रुंद झाले. मी तेव्हा शाळेत होतो. सगळं गाव खूश होतं, मुंबईला सरळ गाडी म्हणून. नानांच्या घरी मिठाईही आली आणि तिथल्या मोहल्ल्यातल्या किती घरांची हमाली गेली याची मोजणीही त्याच रात्री बसून झाली.

गाठी पोरांनीच केल्या. थर्माकोलचा साडेपाच सेंटीमीटरचा तुकडा, त्यावर जुन्या पोत्याचं कापड, वर दोऱ्याच्या आवळ्या. एका वाघिणीत किती बसतात यावर दोन तुकड्यांत पैज लागली आहे. इंजिन अजून नाही. वाघिणी हातानं ढकलतात, मनमाडला दार सरकवतात, गाठी मोजून काढतात आणि प्लायवूडच्या डब्यात रचतात. परवा मुख्याध्यापक सर दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. मग त्यांनी विचारलं, रांजणीचं स्टेशन कुठं ठेवलंय?