मोजून मागवलेलं संगीत

मध्यरात्रीचे ठोके पडून गेलेत, घर झोपलंय आणि दिवाणखान्यातलं नाताळचं झाड वाढायला लागतं. बघता बघता ते रंगमंचाच्या छताला भिडतं. 'नटक्रॅकर' बॅलेतला हा प्रसंग. नृत्यदिग्दर्शक मारिउस पेतिपाने तो कागदावर उतरवला, तेव्हा संगीतकारासाठी शेजारी मागणीही लिहिली : इथे अद्भुत वाटेल असं, चढत जाणारं संगीत हवं, 48 बार. बार म्हणजे आपल्या आवर्तनाचा धाकटा भाऊ. दोन, तीन किंवा चार ठोक्यांचं एक घर. ही यादी ज्याच्या हातात पडली तो कुणी होतकरू पोरगा नव्हता. 1891 साल होतं आणि संगीतकार होता चायकॉव्स्की. त्याच वसंतात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या उद्घाटनाला त्याला वाद्यवृंद चालवायला खास बोलावून नेलं होतं.

एवढ्या मोठ्या माणसाला किराण्याच्या यादीसारखं संगीत सांगायचं, म्हणून पेतिपावर तोंडसुख घेणारे पुष्कळ आहेत. बॅले-संगीताचा इतिहासही बहुधा सुटकेची गोष्ट म्हणून सांगितला जातो : आधी सुमार नोकरदार संगीतकार, मग चायकॉव्स्की आला आणि बेड्या तुटल्या. मला ही गोष्ट पटत नाही. बेड्या तुटल्याच नाहीत. चायकॉव्स्कीने त्या घालूनच चाल केली, आणि त्या घडवणारे सुमार नव्हते.

या संगीताचं मूळ शोधत गेलं तर आपण एका लहानशा व्हायोलिनपाशी पोचतो. युरोपातले नृत्यशिक्षक अंगरख्याच्या खिशात मावेल असं अरुंद, काठीसारखं व्हायोलिन बाळगत. आधी पदन्यास दाखवायचा, मग तेच वाद्य काढून चाल वाजवायची. शिकवणारा आणि वाजवणारा एकच. पुढे ही माणसं दोन झाली, पण तालमीचं वाद्य व्हायोलिनच राहिलं. पीटर्सबर्गच्या शाही बॅलेत 19 व्या शतकात तालमी पियानोवर होत नसत. एक किंवा दोन व्हायोलिनवादक कोपऱ्यात बसून अख्खा बॅले वाजवत. एक सुरावट धरायचा, दुसरा खालचा ठेका आणि स्वरसंगती. त्यासाठी दोन व्हायोलिनांची वेगळी वही उतरवलेली असे. क्रांतीनंतर निकोलाय सेर्गेयेव या रंगमंच-व्यवस्थापकाने जुन्या बॅलेंच्या नृत्यलेखनाची बाडं रशियाबाहेर नेली. ती आता हार्वर्ड विद्यापीठात आहेत आणि त्यांत अशा वह्याही आहेत. बॅलेची चाल दोन व्हायोलिनांवर उभी राहिली पाहिजे, ही अट अशी मुळातच होती. बाकीचा वाद्यवृंद नंतर यायचा.

शाही नाट्यगृहं दरबाराच्या खात्यात मोडत. त्यांत 'बॅले संगीतकार' असं रीतसर पद होतं, पगारी. 1850 च्या सुमारास ते सेझारे पुन्यी या जेनोआच्या माणसाकडे गेलं. नृत्यदिग्दर्शक ज्यूल पेरोबरोबर तो पीटर्सबर्गला आला. (हा पेरो आपण पाहिलेला असतो : देगाच्या 'नृत्यवर्ग' या चित्रात काठी टेकून मधोमध उभा असलेला म्हातारा तोच.) पुन्यीच्या नावावर 300 हून अधिक बॅले सांगतात. आकडा ऐकून हसू येतं, पण कामाची रीत पाहिली की येत नाही. नर्तिकेला आपल्या एकल नृत्याची चाल आवडली नाही तर दुसरी हवी, आणि ती उद्या हवी. नव्या भूमिकेत जाताना नर्तिका आपलं आवडतं नृत्य सोबत घेऊन जाई, मग ते संगीत दुसऱ्या कुणाचं का असेना. 'ल कोर्सेर' घ्या. 1856 साली पॅरिसमध्ये आदोल्फ आदाँने लिहिलेला हा बॅले रशियात येऊन पुन्यी, देलिब, द्रिगो आणि इतरांच्या तुकड्यांची गोधडी झाला आणि आजही तसाच नाचला जातो. पुन्यी 1870 साली गरिबीत गेला.

त्याच्या जागी आला लुडविग मिंकुस, व्हिएन्नाचा व्हायोलिनवादक. 1853 साली तो प्रिन्स युसुपोव्हच्या खाजगी वाद्यवृंदाचा प्रमुख म्हणून रशियात आला. मग मॉस्कोच्या बल्शोय नाट्यगृहात, आणि 1869 च्या 'डॉन किहोते'नंतर पीटर्सबर्गच्या त्या सरकारी पदावर. मैफलीत त्याचं संगीत एकटं ऐकलं तर साधंच वाटतं. पण ते पायाखाली ऐकायचं संगीत आहे. मुख्य जोडीच्या नृत्याचा जो साचा आज जगभर चालतो तो पेतिपा आणि मिंकुसच्या हाताखाली पक्का झाला. आधी प्रवेश. मग संथ अदाजिओ, त्यात बहुतेक वेळा व्हायोलिन किंवा चेलो एकटं गातं आणि सुरुवातीला हार्प स्वरांची एक लड सोडते. ती लड नुसती शोभेची नाही. तेवढ्यात दोघांना जागा घेऊन श्वास सावरता येतो. मग त्याचं एकल, तिचं एकल, प्रत्येकी मिनिट-दीड मिनिट, 16-16 बारच्या तुकड्यांत. शेवटी दोन ठोक्यांचा धावता कोडा. कथकमध्ये लेहरा स्थिर राहतो म्हणून नर्तक त्यावर तिहाई टाकून समेवर येऊ शकतो. लेहरेवाला मध्येच हरकती घेऊ लागला तर घात. मिंकुसला ही जबाबदारी नेमकी कळत होती.

त्याचा 'ला बायादेर' 1877 च्या आरंभी रंगमंचावर आला. कथा हिंदुस्थानातली : देवळातली नर्तकी निकिया, योद्धा सोलोर आणि गोवळकोंड्याचा राजा दुग्मंत. कुतुबशहाच्या गोवळकोंड्यावर हा दुग्मंत कधी बसला ते पेतिपालाच ठाऊक. संगीतात हिंदुस्थान शोधायला जाऊ नये. तिथे व्हिएन्नाचे वॉल्ट्झ भेटतात. पण तिसरा अंक बघावा. सोलोर अफूच्या धुंदीत आहे आणि उतारावरून पांढऱ्या वस्त्रांतल्या छाया एकामागून एक उतरताहेत. प्रत्येक छाया तेच करते : एक पाय मागे उचलून पुढे झुकायचं, सावरायचं, दोन पावलं, पुन्हा तेच. पहिली खाली पोचेपर्यंत मागे रांग लागलेली असते. मिंकुस इथे फारसं काही करत नाही. एक लांब, संथ सुरावट देतो आणि ती परत परत येऊ देतो. कुणी कल्पक संगीतकार असता तर चौथ्या फेरीत त्याला राहवलं नसतं, आणि मग डोळे नर्तकींवरून वाद्यवृंदाकडे गेले असते.

'ला बायादेर'नंतर महिन्याच्या अंतराने मॉस्कोत 'स्वान लेक' आला. चायकॉव्स्कीने तो 800 रूबलवर घेतला होता. रायसिंगर नावाचा बेताचा नृत्यदिग्दर्शक, अवघड वाटणारं संगीत आणि गोंधळलेली मंडळी. काही तुकडे गाळले गेले, त्यांच्या जागी इतर बॅलेंतले घुसले. मग प्रमुख नर्तिका आन्ना सोबेश्चान्स्कायाने थेट पीटर्सबर्ग गाठलं आणि पेतिपाकडून आपल्यासाठी नवं युगुलनृत्य बसवून आणलं, मिंकुसच्या संगीतावर. चायकॉव्स्की बिथरला. आपल्या बॅलेत दुसऱ्याची चाल नको, म्हणाला. ती म्हणाली, नृत्य बसलंय, ते मी बदलणार नाही. तोड अशी निघाली की चायकॉव्स्कीने स्वतःचं नवं संगीत लिहिलं, पण मिंकुसच्या मापावर, बारला बार जुळवून. तिला पाऊलही बदलावं लागलं नाही. ही पानं पुढे हरवली, 1953 साली सापडली, आणि 1960 मध्ये न्यूयॉर्कला जॉर्ज बॅलन्शीनने त्यांवर स्वतंत्र नृत्य बसवलं. आज ते 'चायकॉव्स्की पा द द' म्हणून नाचलं जातं. ऐकताना कुणाला वाटेल की हे दुसऱ्याच्या चौकटीत लिहिलंय? मला तरी वाटलं नाही.

त्याच 1877 साली व्हिएन्नात चायकॉव्स्कीने संगीतकार देलिबचा 'सिल्व्हिया' हा बॅले ऐकला आणि मित्राला कळवलं की हे आधी ऐकलं असतं तर 'स्वान लेक' लिहिलाच नसता. हा देलिब तयार झाला तोही याच पठडीत. 1866 साली पॅरिसमध्ये 'ला सूर्स'चं संगीत त्याने अर्धं-अर्धं वाटून केलं ते मिंकुसबरोबर.

मग 1886. इव्हान व्सेवोलोझ्स्की हा शाही नाट्यगृहांचा संचालक होता. हौशी, फ्रेंच धाटणीचा, पोशाखांची चित्रं स्वतः काढणारा. त्याने मिंकुसला निवृत्त केलं आणि बॅले संगीतकाराचं पदच मोडीत काढलं. यापुढे काम ज्याला झेपेल त्याला. त्याच वर्षी पीटर्सबर्गचं जुनं दगडी बल्शोय नाट्यगृह धोकादायक ठरून बॅले मारिन्स्की नाट्यगृहात हलला. आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये ऑग्युस्त म्युस्तेलने एका नव्या वाद्याचं पेटंट घेतलं, त्याकडे येतोच.

1888 साली व्सेवोलोझ्स्कीने चायकॉव्स्कीला 'स्लीपिंग ब्यूटी' सुचवला. पेतिपाने यादी धाडली, फ्रेंचमध्ये. चार दशकं रशियात काढूनही त्याचं रशियन मोडकंतोडकंच होतं. घरी टेबलावर कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या मांडून तो समूहांच्या रचना ठरवायचा, त्यामुळे कुणाला कुठून कुठे जायला किती वेळ लागेल हे त्याला आधीच माहीत असे. पण यादी नुसती आकड्यांची नाही. चांदीच्या परीला नाण्यांचा खणखणाट ऐकू आला पाहिजे, हिऱ्याच्या परीला लखलखाट. नीलमण्याला पाच पैलू, म्हणून ताल पाच ठोक्यांचा. बॅलेत पाचाचा ताल म्हणजे नर्तकाच्या पायांना कोडंच. ती चाल आजही रंगमंचावर अनेकदा गाळतात. राजकन्या अरोराला चातीवाली म्हातारी दिसते तिथे दोन ठोक्यांचा ताल, तो हळूहळू तिनाच्या वॉल्ट्झमध्ये वळायचा, आणि एकाएकी थांबायचा : सुई बोटात गेली. हे ज्याने लिहिलं तो संगीतकार नव्हता, पण संगीत कुठे वळतं हे त्याला दिसत होतं.

चायकॉव्स्कीने जवळपास सगळं ऐकलं. भर घातली ती यादीत नसलेल्या जागी. दुष्ट काराबोस आणि लायलॅक परी यांच्या सुरावटी सुरुवातीलाच समोरासमोर उभ्या केल्या आणि अख्ख्या बॅलेभर त्यांना झुंजवत ठेवलं. शिवाय वाजवणारे कोण हे त्याला माहीत होतं. मारिन्स्कीत बॅलेची व्हायोलिन एकलं वाजवायला लिओपोल्ड ऑअर होता. चायकॉव्स्कीने त्याला आपला व्हायोलिन कॉन्सर्टो अर्पण केला होता आणि त्याने तो वाजवायला नकार दिला होता, तोच हा. रुसवा बाजूला ठेवून चायकॉव्स्कीने पुन्हा त्याच्यासाठी लिहिलं. जानेवारी 1890 मध्ये बॅले आला. रंगीत तालमीला झार तिसरा अलेक्झांडर 'छान आहे' एवढंच बोलला आणि चायकॉव्स्कीने ते डायरीत टिपून ठेवलं.

'नटक्रॅकर'च्या यादीत गोळ्या-मिठायांच्या राज्यातल्या शुगर प्लम परीसाठी कारंज्याचे थेंब पडताना ऐकू यावेत अशी मागणी होती. 1891 साली पॅरिसमध्ये चायकॉव्स्कीला म्युस्तेलचं चेलेस्टा भेटलं. दिसायला छोट्या उभ्या पियानोसारखं. पट्टी दाबली की बनातीची हातोडी तारेवर न पडता पोलादी पट्टीवर पडते, आणि प्रत्येक पट्टीखाली लाकडाची पोकळ खोकी असते. त्यामुळे आवाज घंटेचा, पण कडा नसलेला. आपल्या प्रकाशकाला त्याने लिहिलं की 1200 फ्रँकचं हे वाद्य मागवून घे आणि कुणाला दाखवू नकोस. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्हला सुगावा लागला तर ते आधी वापरतील. मोठ्या माणसांची ही चोरटी धांदल मला फार आवडते. पॅरिसमध्ये एर्नेस्ट शोसाँने एका नाटकासाठी ते आधीच वापरलं होतं, पण त्याची आठवण कोण काढतो?

डिसेंबर 1892 मध्ये परीचं नृत्य झालं तेव्हा तंतुवाद्यं गजाविना, बोटांनी छेडली जात होती, त्यांवर चेलेस्टाचे थेंब, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी खालून बास क्लॅरिनेट घसरत उतरून उत्तर देत होतं. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदातली बहुतेक मंडळी गप्प बसलेली. त्याच बॅलेच्या नांदीत चायकॉव्स्कीने चेलो आणि डबलबास यांना सुट्टीच दिली, म्हणून ती खेळण्यातल्या वाद्यवृंदासारखी वाजते.

तो वर्षभरात गेला. 1895 साली पेतिपा आणि लेव्ह इव्हानोव्ह यांनी 'स्वान लेक' नव्याने उभा केला, तेव्हा कंडक्टर रिकार्दो द्रिगोने संगीताला कात्री लावली. तुकडे पुढेमागे हलवले, पहिल्या अंकातलं युगुलनृत्य उचलून राजवाड्यातल्या काळ्या हंसिणीला दिलं, आणि चायकॉव्स्कीच्या पियानोच्या चिजा वाद्यवृंदासाठी लिहून मध्ये घातल्या. जगभर आपण बहुतेक वेळा ऐकतो तो 'स्वान लेक' या द्रिगोचा. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे खुपतं. काळ्या हंसिणीचं नृत्य पाहिल्यावर माझा आग्रह गळून पडतो.

पुढच्या पिढीने यादीला जुमानायचं नाही असं ठरवलं. प्रोकोफिएव्हने 'रोमिओ अँड ज्युलिएट' 1935 साली लिहिला. 1940 च्या जानेवारीत किरोव्ह नाट्यगृहात, म्हणजे नाव बदललेल्या मारिन्स्कीतच, तो येण्याआधी तालमींत नर्तकांनी तक्रार केली की वाद्यवृंद इतका नाजूक लिहिलाय की रंगमंचावर काही पोचतच नाही. तुम्हाला संगीत नको, ढोल हवेत, म्हणून प्रोकोफिएव्ह भडकला. मग त्यांनी त्याला वर बोलावलं आणि त्यांच्या जागेवरून ऐकायला लावलं. त्यालाही ऐकू आलं नाही. कुरकुरत का होईना, त्याने वाद्यं वाढवून दिली.