शीलशिक्षण आणि सामाजिक अभ्यास : जपानमधील एक प्रयोग (१९४५–१९५८)

शाळेतील मुलांचे शील घडविण्यासाठी नीतीचा स्वतंत्र तास असावा, की इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र ह्यांच्या अध्यापनातच ते कार्य व्हावे, हा वाद आपल्याकडे जुना आहे. १८८२ च्या हंटर आयोगाने महाविद्यालयांसाठी नीतिपर पाठ्यपुस्तक तयार करावे अशी शिफारस केली, तेव्हा आयोगाचे एक सदस्य काशिनाथ त्र्यंबक तेलंग ह्यांनी आपले विरोधी मत स्वतंत्रपणे नोंदविले होते. पुढे १९५२–५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने इतिहास-भूगोलादी विषय एकत्र करून सामाजिक अभ्यास हा विषय सर्व विद्यार्थ्यांना शिकवावा असे सुचविले, आणि त्या निमित्ताने हा प्रश्न पुन्हा पुढे आला. तथापि ही चर्चा बहुधा तत्त्वांच्या पातळीवर राहते. दोन्ही मार्ग प्रत्यक्ष चोखाळले असता काय घडते, हे पाहण्याची संधी क्वचितच मिळते. जपानच्या अर्वाचीन इतिहासात ती मिळते. स्वतंत्र नीतिविषय, नीती व इतिहास ह्यांचा सक्तीचा संयोग, सामाजिक अभ्यासात नीतीचा विलय आणि पुन्हा स्वतंत्र तास, अशा चारही अवस्था त्या देशाने एका आयुर्मर्यादेत अनुभविल्या. त्या अवस्थांचा परामर्श घेऊन त्यांतून काय निष्पन्न होते, हे पाहण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

नीतिविषयाला जपानीत ‘शूशिन’ म्हणत. शब्दशः अर्थ ‘स्वतःला घडविणे’. मूळ कन्फ्यूशियसप्रणीत परंपरेतले. १८७२ च्या पहिल्या शिक्षणव्यवस्थेत शूशिनला फारसे महत्त्व नव्हते. तेव्हाचा भर पाश्चात्य विद्यांवर होता. परंतु १८८० च्या सुधारित शिक्षण-आज्ञेने प्राथमिक शाळेतील विषयांच्या यादीत शूशिनला पहिले स्थान दिले, आणि ३० ऑक्टोबर १८९० रोजी सम्राटाच्या नावाने शिक्षणविषयक आज्ञापत्र प्रसिद्ध झाले. अवघ्या ३१५ अक्षरांचे हे पत्र मोतोदा नागाझाने व इनोऊए कोवाशी ह्यांच्या हातून सिद्ध झाले होते. आईबापांविषयी भक्ती, भावंडांतील प्रेम, मित्रांतील विश्वास, विद्याभ्यास, कायद्याचे पालन अशा कोणासही मान्य व्हावीत अशा गुणांची त्यात मालिका आहे; परंतु ह्या सर्व गुणांचे अंतिम सार्थक राजसिंहासनाच्या सेवेत होते, हा त्या पत्राचा रोख आहे. सणासमारंभाला मुख्याध्यापक ते गंभीरपणे वाचीत आणि मुले माना खाली घालून ऐकत. जानेवारी १८९१ मध्ये उचिमुरा कान्झो ह्या ख्रिस्ती शिक्षकाने त्या पत्रापुढे पुरेसे लवून वंदन केले नाही, म्हणून त्यास नोकरीस मुकावे लागले. सद्गुणांची यादी हळूहळू उपासनेची वस्तू कशी होते, ह्याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

१९०३ मध्ये प्राथमिक शाळांची पाठ्यपुस्तके शासनाने स्वतः तयार करण्याचे ठरले व पुढील वर्षापासून ती वर्गांत आली. शूशिनच्या पुस्तकांची रचना चरित्रकथांवर आधारलेली होती. पाठीवर सरपणाची मोळी घेऊन चालता चालता पुस्तक वाचणारा निनोमिया किन्जिरो हा उद्योगीपणाचा आदर्श ठरला. पुढे त्याचे पुतळे असंख्य शाळांच्या अंगणांत उभे राहिले. आरंभीच्या पुस्तकांत लिंकन, नाइटिंगेल अशी परदेशी माणसेही होती. ह्या कथांमध्ये एक कथा इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्ष देण्यासारखी आहे. १८९४ च्या चीन-जपान युद्धात गोळी लागून मरण पावला तरी ज्याने रणशिंग ओठांपासून दूर केले नाही, अशा एका सैनिकाचा हा पाठ होता. पाठ्यपुस्तकात त्याचे नाव किगुची कोहेई असे येते. परंतु युद्धाच्या काळात वर्तमानपत्रांनी आणि गीतांनी हाच पराक्रम दुसऱ्याच एका सैनिकाच्या नावावर गाजविला होता. नाव मागाहून बदलले. कथा मात्र अक्षुण्ण राहिली. नाव बदलले तरी बोध बदलत नाही, तेव्हा सत्य कोणते ही चौकशी नीतिपाठाच्या दृष्टीने गौणच ठरली.

नीतीचा हा अधिकार इतिहासाच्या क्षेत्रातही शिरला. चौदाव्या शतकात, १३३६ ते १३९२ पर्यंत, जपानात उत्तर व दक्षिण अशी दोन राजदरबारे परस्परविरोधी दावे करीत होती. शासनाच्या सेवेतील इतिहासकार किता सादाकिची ह्यांनी पाठ्यपुस्तकात ही दोन्ही दरबारे समकक्ष असल्याप्रमाणे मांडली. १९११ मध्ये ह्यावर वर्तमानपत्रांतून व संसदेतून गदारोळ उठला. सिंहासन दोन असू शकते असे मुलांना शिकविले, तर निष्ठा एकच असावी हे त्यांना कसे पटणार, असा आक्षेप होता. किता ह्यांना पदावरून दूर करण्यात आले. दक्षिण दरबार तेवढे वैध ठरवून पुस्तक बदलण्यात आले. त्या वेळी राज्य करीत असलेला सम्राट स्वतः उत्तर दरबाराच्या वंशातील होता, ही वस्तुस्थितीही ह्या निर्णयाच्या आड आली नाही.

ह्या प्रक्रियेचा कळस १९४१ मध्ये झाला. प्राथमिक शाळांना ‘राष्ट्रीय शाळा’ असे नाव देऊन शूशिन, राष्ट्रभाषा, राष्ट्राचा इतिहास व भूगोल हे विषय ‘राष्ट्रीय विषय’ ह्या एका गटात आणण्यात आले. नीतिशिक्षण हे इतिहास-भूगोलाशी एकजीव करावे, असे आपण आज म्हणतो. जपानने ते १९४१ मध्ये केले होते, हे विसरून चालणार नाही. केवळ विषयांचे एकीकरण हा जर उपाय असता, तर ह्याहून अधिक पूर्ण एकीकरण दाखविणे कठीण आहे. त्या एकीकरणातून जी पिढी घडली, तिला युद्धाच्या आगीत ढकलण्यात आले.

ऑगस्ट १९४५ मधील पराभवानंतर नवी पुस्तके छापण्यास अवधी नव्हता. त्यामुळे जुन्याच पुस्तकांतील युद्धस्तुतीचे परिच्छेद शाईने काळे करण्याचे काम मुलांकडूनच करवून घेण्यात आले. ज्या गुरुजींनी काल ते परिच्छेद पाठ करून घेतले, तेच आज ओळी सांगत आणि मुले कुंचल्याने त्या पुसत. त्या पिढीच्या अनेकांनी पुढे लिहिलेल्या आठवणींत हा प्रसंग येतो. पराभवाइतकाच आघात ह्या घटनेने झाला, असे त्यांवरून दिसते. कारण पुसले जात होते ते खोटे का होते, हे कोणी सांगत नव्हते. ३१ डिसेंबर १९४५ रोजी दोस्त राष्ट्रांच्या सेनाप्रशासनाने शूशिन, जपानचा इतिहास आणि भूगोल ह्या तीनही विषयांचे अध्यापन स्थगित केले. १९४६ च्या जूनअखेर भूगोल व ऑक्टोबरमध्ये इतिहास पुन्हा सुरू झाला. इतिहासाच्या नव्या पुस्तकाची सुरुवात देवकथांऐवजी अश्मयुगापासून होत होती. इएनागा साबुरो हे त्याच्या लेखकांपैकी एक. शूशिन मात्र परत आले नाही.

त्याची जागा घेतली ती सामाजिक अभ्यासाने. मार्च १९४७ मध्ये शिक्षणाचा मूलभूत कायदा झाला, सक्तीचे शिक्षण नऊ वर्षांचे झाले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून नवा विषय वर्गांत आला. प्राथमिक शाळांसाठीच्या आराखड्यावर अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या अभ्यासक्रमाची छाप स्पष्ट होती. परंतु शूशिन, नागरिकशास्त्र, इतिहास व भूगोल ह्यांची नुसती मोट बांधून तिला नवे नाव दिलेले नाही, असे त्यात बजावले होते. जीवित व आरोग्याचे रक्षण, वस्तूंचे उत्पादन व वाटप, दळणवळण अशा प्रश्नांभोवती पाठ गुंफले होते. आराखड्याच्या मुखपृष्ठावर ‘तात्पुरता मसुदा’ अशा अर्थाचे शब्द छापलेले होते, ही गोष्ट लहान वाटली तरी अर्थपूर्ण आहे. शिक्षकाने आपल्या गावाच्या परिस्थितीनुसार तो बदलावा, अशी अपेक्षा होती. जून १९४८ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी १८९० चे आज्ञापत्र रद्दबातल ठरविणारे ठराव संमत केले.

ह्या विषयातून शील कसे घडते, ह्याचे उत्तर यामागाता प्रांतातील यामामोतो नावाच्या डोंगराळ खेड्यात मिळते. १९४८ मध्ये मुचाकु सेइक्यो हा एकवीस वर्षांचा तरुण तेथील शाळेवर शिक्षक म्हणून आला. वर्गात ४३ मुले होती. प्रत्येक गावात उत्तम शाळा असते, अशा आशयाचे वर्णन सामाजिक अभ्यासाच्या पुस्तकात होते. ते वाचणाऱ्या मुलांची शाळा मात्र गवती छपराची व अंधारी होती आणि हिवाळ्यात वर्गात बर्फ येई. मुचाकुने पुस्तक मिटले नाही व त्याची टवाळीही केली नाही. पुस्तकात एक आणि डोळ्यांसमोर दुसरे असे का, ह्याचा शोध घेण्यास त्याने मुलांना सांगितले. मुले घरचा जमाखर्च, तंबाखूचे पीक, कर्ज, शाळा बुडण्याची कारणे ह्यांविषयी लिहू लागली.

ह्यांपैकी एका मुलाचे वडील पूर्वीच वारले होते आणि आता आईही वारली. त्याने आपल्या निबंधात घरचे उत्पन्न आणि देणे मांडले, आणि आई इतके कष्ट करूनही कर्जातून का सुटली नाही असा प्रश्न विचारला. शेतकामामुळे तो शाळेत येऊ शकत नव्हता. मुचाकुने त्याला उरलेल्या कामांचा तक्ता करावयास लावला आणि तो वर्गातील एका मुलाच्या हाती देऊन विचारले, काही करता येईल का. आम्ही सर्व मिळून करू, असे उत्तर आले. आणि सरपण वाहण्याचे काम वर्गाने वाटून घेतले. ह्या निबंधाला १९५० मध्ये शिक्षणमंत्र्यांचे पारितोषिक मिळाले. १९५१ मध्ये मुलांचे लेखन ‘यामाबिको गाक्को’, म्हणजे ‘प्रतिध्वनीची शाळा’, ह्या नावाने प्रसिद्ध झाले व देशभर वाचले गेले. निनोमियाच्या पाठीवर सरपण होते, आणि ह्या मुलांच्या पाठीवरही सरपणच होते. फरक इतकाच की, दुसऱ्या प्रसंगी ते कोणाचे आणि का वाहावयाचे, हे मुलांनी स्वतः हिशेब करून ठरविले होते. गावाची अब्रू चव्हाट्यावर मांडली म्हणून गावकऱ्यांपैकी अनेकजण मुचाकुवर रुष्ट झाले, आणि १९५४ मध्ये तो गाव सोडून तोक्योला गेला, हेही नमूद केले पाहिजे. सत्य सांगण्यास शिकविणाऱ्या शिक्षकास त्याचे मोल द्यावे लागते.

नव्या विषयात दोष नव्हते असे नाही. मुलांना टपालकचेरी व बाजार दाखवून आणण्यात वेळ जातो आणि इतिहासाचे सुसंगत ज्ञान मिळत नाही, असा आक्षेप शिक्षकांकडूनच आला. अनुभवाच्या जमिनीवर नुसता रांगणारा विषय, अशी त्याची संभावना झाली. मुचाकुसारखे शिक्षक थोडे असतात. सामान्य शिक्षकाच्या हाती हा विषय पुष्कळदा विस्कळित झाला, हे मान्य करावे लागते.

ह्या असमाधानाचा लाभ नीतीच्या स्वतंत्र तासाच्या समर्थकांना झाला. कांटच्या तत्त्वज्ञानाचे अभ्यासक आमानो तेइयू हे १९५० मध्ये शिक्षणमंत्री झाले आणि शूशिनसारख्या विषयाची गरज त्यांनी बोलून दाखविली. अभ्यासक्रम-परिषदेने जानेवारी १९५१ मध्ये स्वतंत्र विषय इष्ट नाही असा अभिप्राय दिला. तेव्हा आमानोंनी नागरिकांच्या आचारधर्माची एक रूपरेषा आखली. परंतु राष्ट्राचे नैतिक केंद्र सम्राट होय ह्या त्यांच्या विधानावर टीका झाली व ती रूपरेषा मागे घ्यावी लागली. तरीही १९५८ मध्ये प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांत आठवड्याला एक ‘नीतीचा तास’ सुरू झाला. शिक्षक-संघटनेने त्यास विरोध केला. ह्या तासाला पाठ्यपुस्तक नव्हते व गुणही नव्हते. परंतु त्याच वर्षी अभ्यासक्रमावरील ‘तात्पुरता मसुदा’ हे शब्द नाहीसे झालेले होते आणि तो शासकीय राजपत्रात प्रसिद्ध होऊन बंधनकारक झाला होता. २०१८ मध्ये प्राथमिक आणि २०१९ मध्ये कनिष्ठ माध्यमिक शाळांत नीती हा शासनमान्य पुस्तके असलेला ‘विशेष विषय’ बनला. त्या पुस्तकांच्या तपासणीत, १९१७ साली नव्हे तर २०१७ साली, देशाच्या संस्कृतीविषयीचा आदर पुरेसा दिसत नाही असा शेरा आल्यावर एका प्रकाशकाने पहिलीच्या पाठातील पावाच्या दुकानाच्या जागी पारंपरिक मिठाईचे दुकान घातले. हा प्रसंग हास्यास्पद वाटला, तरी १९११ च्या वृत्तीचे बीज त्यात ओळखू येते.

ह्या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. नीती स्वतंत्र विषय म्हणून शिकवावी की सामाजिक अभ्यासात विलीन करावी, ह्या प्रश्नाला आपण देतो तेवढे निर्णायक महत्त्व नाही. विलय १९४१ मध्येही झाला आणि १९४७ मध्येही झाला. दोहोंचे फलित परस्परविरुद्ध होते. भेद होता तो अन्यत्र. पहिल्या वेळी निष्कर्ष आधी ठरला होता आणि इतिहासाने त्यास साक्षीदार पुरवावयाचे होते. दुसऱ्या वेळी मुलाला विचारण्याचा, हिशेब मांडण्याचा, पुस्तक व वस्तुस्थिती ताडून पाहण्याचा अधिकार होता. सत्याविषयी आस्था, पुरावा विरुद्ध गेला तर मत बदलण्याची तयारी, दुसऱ्याच्या दुःखाचे कारण शोधण्याची चिकाटी, हे गुण इतिहासाच्या अभ्यासकाला आवश्यक असतात आणि तेच नागरिकालाही आवश्यक असतात. इतिहासाच्या अध्यापनात शीलशिक्षण बाहेरून आणून मिसळण्याची गरज नाही. इतिहास प्रामाणिकपणे शिकविला, तर ते तेथे असतेच.

आपल्या वर्गांतही थोरांची चरित्रे शिकविली जातात, आणि शिकविली जावीत. परंतु एखादी कथा सांगून झाल्यावर, ही हकीकत आपल्याला कोठून कळली, असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला, तर शिक्षक त्यास उत्तर देतो की गप्प बसवितो, ह्यावर त्या तासात कोणते शील घडले हे अवलंबून राहील.