बाटलीवरील वर्षांचा आंकडा

आपल्याकडे तांदूळ जुना झाला कीं त्याचा भाव चढतो, आणि वैद्यांच्या लेखीं जुन्या तुपाची योग्यता नव्याहून निराळी असते. तेव्हां व्हिस्कीच्या बाटलीवर १२ किंवा १८ असा आंकडा दिसला, कीं जितका आंकडा मोठा तितका माल सरस, असें गिऱ्हाईक सहज मानतें व त्या हिशेबानें पैसे मोजतें. हे पैसे कांहीं थोडे नसतात. म्हणून वयाचा हा बडिवार कोठून आला आणि तो कितपत खरा मानावा, याविषयीं आज बोलावयाचें आहे.

पिंपांत ठेवलेली व्हिस्की मऊ होते, हा अनुभव स्कॉटलंडांत जुनाच. पण मुरविण्याची सक्ती नव्हती. १८३० सालीं इनीयस कॉफी या आयर्लंडांतील माजी अबकारी अधिकाऱ्यानें अखंड चालणाऱ्या भट्टीचें पेटंट घेतलें, आणि तांब्याच्या हंड्यांतून एका वेळीं एकच घाणा काढणाऱ्यांच्या शेजारीं स्वस्त, सौम्य मद्यार्काचा पूर लोटला. याला व्हिस्की म्हणावें काय, हा तंटा १९०५ सालीं लंडनच्या न्यायकचेरींत गेला व पुढें शाही आयोगाकडे. आयोगानें १९०९ सालीं निर्णय दिला, कीं दोन्हीही व्हिस्कीच. आणि ती अमुक वर्षें मुरविलीच पाहिजे अशी सक्ती करण्याचें कारण नाहीं.

मग अवघ्या सहा वर्षांत सक्ती आली ती कशी? पहिलें महायुद्ध चालू होतें. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील काम मद्यपानामुळें मागें पडतें, अशी अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांची खात्री होती. दारू हा जर्मनीहूनहि मोठा शत्रु, असें ते सांगत. त्यांनीं मद्यार्कावरील कर दुप्पट करण्याचा घाट घातला. धंदेवाल्यांनीं व आयरिश सभासदांनीं तो हाणून पाडला. तडजोड म्हणून मे १९१५ मध्यें कायदा झाला: पहिल्या वर्षापुरता मद्यार्क किमान दोन, व त्यापुढें किमान तीन वर्षें सरकारी देखरेखीखालच्या वखारींत राहिलाच पाहिजे. ही युक्ति जॉन वॉकर कंपनीच्या जेम्स स्टीव्हन्सन यांनीं सुचविली असें सांगतात. ज्यांच्या वखारींत जुना साठा होता त्यांचें फावलें. कोवळा माल विकणारे बसले. जिभेची चिंता या सर्व खटाटोपांत फारशी कोणी केली नव्हती. तथापि न्यायानें बोलावयाचें तर कायद्यानें माल सुधारला, आणि तीन वर्षांची ती मर्यादा आजहि कायम आहे.

बाटलीवरील आंकड्याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. १२ म्हणजे आंतील सर्वांत कोवळा थेंब बारा वर्षांचा. तीस वर्षें मुरलेल्या मालांत तीन वर्षांचा पेलाभर मिसळला, तरी वय लिहावयाचें तर तीनच लिहावें लागतें. २०१५ सालीं कंपास बॉक्स या कंपनीनें आपल्या मिश्रणांतील प्रत्येक व्हिस्कीचें वय व प्रमाण जाहीर केलें, तर तें नियमबाह्य म्हणून मागें घ्यावें लागलें! खरें सांगणें नियमाबाहेर ठरावें, हें मला तरी विचित्र वाटतें.

शिवाय मोजतात तीं वर्षें. काम करतें तें लांकूड. अमेरिकेंत बर्बन नव्या, आंतून जाळलेल्या ओकच्या भांड्यांतच मुरवावी लागते. म्हणून एकदां वापरलेलीं पिंपें मोठ्या संख्येनें स्कॉटलंडला जातात. तेथील पहिल्या भरणीचें पिंप रंग, गोडवा व व्हॅनिलासारखा वास भरभरून देतें. तिसऱ्या-चौथ्या भरणीचें थकलेलें असतें. अशा थकलेल्या पिंपांत अठरा वर्षें काढलेली व्हिस्की चांगल्या पिंपांतील दहा वर्षांच्या व्हिस्कीपुढें फिकी पडूं शकते. उलट जोमदार पिंपांत ती फार काळ राहिली, तर लांकूड चघळल्यासारखी तुरट लागते.

हवामानाचा हिशेब तर आणखी निराळा. स्कॉटलंडच्या थंडींत पिंपांतून वर्षाला शेंकडा दोन भाग उडून जातात. बारा वर्षांनीं शंभरांतले सुमारें ७८ उरतात. बंगळूरास ही घट शेंकडा १० ते १२ सांगतात. ती ११ धरली, तर आठच वर्षांत सुमारें ३९ भाग शिल्लक! लांकडाचा अंमलहि उष्णतेनें लवकर चढतो. २००४ सालीं ग्लासगोंत प्रथम विक्रीस गेलेल्या अमृतच्या सिंगल माल्टवर वयाचा आंकडा नव्हता. गोव्यांत कुंकळ्ळी येथें होणाऱ्या पॉल जॉनच्याहि बहुतेक बाटल्यांवर तो नसतो. त्यांना कोवळ्या म्हणून नाकारणें हा अन्याय होईल.

तरी आंकडा गाळण्याचें कारण नेहमींच इतकें निर्मळ असतें असें नव्हे. जपानांत मागणी वाढली आणि जुना साठा आटला. २०१५ सालीं निक्कानें योइचीच्या आंकडेवाल्या बाटल्या बंद केल्या. २०१८ सालीं सन्टोरीनें हिबिकी १७ ची विक्री थांबविली. अशा टंचाईंत पुढें येणाऱ्या बिनआंकडी बाटल्यांची किंमत मात्र कोवळी नसते, आणि गिऱ्हाइकाला संशय आला तर त्याला दोष देतां येणार नाहीं. एकाच भट्टीच्या, एकाच जातीच्या पिंपांतील दोन बाटल्यांत निवड करावयाची तर आंकडा उपयोगी पडतो; दोन देशांच्या बाटल्यांत फारसा नाहीं. तेथें पिंप कोणतें, मद्यार्काचें प्रमाण किती, रंग वरून घातला आहे काय, हें विचारावें.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं मुलाच्या बारशाला भेट आलेली १२ वर्षांची बाटली त्याच्या लग्नापर्यंत कपाटांत जपली, आणि ती आतां चाळीस वर्षांची झाली असें पाहुण्यांना मोठ्या अभिमानानें सांगितलें. वास्तविक लांकडाचा संबंध सुटला कीं मुरणें थांबतें. कांचेंत व्हिस्कीचें वय वाढत नाहीं. ती बाटली लग्नाच्या दिवशींहि बाराचीच होती. मी कांहीं बोललों नाहीं.