श्यामची विहीर, फेणेची परीक्षा

चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत विहिरी पावलोपावली भेटतात. त्यामुळे इथल्या वाचकाला ‘श्यामची आई’मधलं पोहण्याचं प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. श्याम पाण्याला भितो, घरात दडून बसतो; आई त्याला हुडकून काढते, शिमटीने झोडपते आणि विहिरीवर धाडते. पोराला कुणी भित्रा म्हणू नये, एवढीच तिची धडपड.

साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं. आचार्य अत्र्यांचा सिनेमा आला १९५३मध्ये. गुरुजी तेव्हा हयात नव्हते. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक याच सिनेमाला मिळालं. त्यात आई झालेल्या वनमालाबाईंच्या हातातली शिमटी कुणाला खटकली नसावी. मूल घडवायचं तर चार वळ उठायचेच, हे तेव्हा घरोघर गृहीत होतं. सुजय डहाके यांनी २०२३मध्ये तीच कथा पुन्हा पडद्यावर आणली, तीही कृष्णधवल. रंगीत पडद्यावर ती आई आजच्या पालकांना सोसली नसती की काय, असं आपलं मला वाटतं. कृष्णधवल म्हटलं की ‘जुना काळ’ म्हणून सगळं माफ!

तरी श्याम निदान लहान तरी राहिला. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं तसं झालं नाही. फुरसुंगीचा हा बनेश पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकल हाणत नसत्या भानगडीत नाक खुपसणारा आणि ‘ट्टॉक्’ करणारा पोरगा. दूरदर्शनवर सुमीत राघवनने साकारलेला फेणेही पोरसवदाच होता. आदित्य सरपोतदारांच्या २०१७च्या सिनेमात मात्र अमेय वाघचा फेणे पुण्याला येतो तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला, आणि गुन्हाही त्या परीक्षेभोवतीच घडतो. शाळकरी पोराने एकट्याने गावभर उंडारावं, हे आता कथेतसुद्धा पटेनासं झालंय. परीक्षेची धास्ती मात्र चटकन पटते.

काळानुसार पडद्यावरचं पोर बदलणं आपल्याकडेच घडतं असं नाही. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगचा मोगली डिस्नेच्या १९६७च्या सिनेमात अखेर माणसांच्या गावात जातो, २०१६च्या सिनेमात जंगलातच राहतो. थोरांना ज्या काळी ज्याची काळजी, तसं पोर पडद्यावर येतं.

शाळकरी फेणे २०१७च्या सिनेमात सापडत नाही. तो भागवतांच्या पुस्तकांतच आहे. मुलांना सिनेमा खुशाल दाखवा, पण आधी ती पुस्तकं त्यांच्या हाती द्या.