मियाकोतला वसईकर : शेवटचे २०८ दिवस

वसई धर्मप्रांत १९९८ साली स्थापन झाला आणि पापडीच्या कृपामाता चर्चला कॅथेड्रलचा मान मिळाला. तिथून वसईचा किल्ला हाकेच्या अंतरावर. त्या तटाच्या आत, येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली, गोन्सालो गार्सिया नावाचा मुलगा वाढला. जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास तो एका धर्मगुरूंबरोबर जहाजात चढला आणि जपानला पोचला. तिथली भाषा त्याने भराभर आत्मसात केली आणि आठेक वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळण्याची आस मात्र पुरी झाली नाही. पुढे एकट्याने व्यापार केला, पैसा गाठीला बांधला, आणि एक दिवस ते सगळे सोडून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाला.

१५९३ साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे वकील धाडले. फादर पेद्रो बाप्तिस्ता त्यांचे प्रमुख. दुभाष्या हवा होता, तो वसईचा मिळाला. क्युशू बेटावरच्या नागोया गडावर हिदेयोशीशी भेट झाली आणि या मंडळींना राजधानीत, म्हणजे मियाकोत, राहायची परवानगी मिळाली. मियाको म्हणजे आजचे क्योतो.

गोन्सालोंना आपण हुतात्मा म्हणून ओळखतो, आणि ते खरेच आहे. पण ज्या संकटाने त्यांचा बळी घेतला, ते त्यांनी ओढवून घेतलेले नव्हते. दुसऱ्यांचे जहाज फुटले, दुसऱ्यांची जीभ घसरली, दुसऱ्यांचे वैर पेटले, आणि परक्या शहरात राहणाऱ्या या माणसाला त्याची किंमत मोजावी लागली. हा घटनाक्रम त्यासाठी.

१२ जुलै १५९६ : उरले २०८ दिवस

'सान फेलिपे' हे स्पॅनिश गलबत मालाने ठासून भरून मनिलाहून मेक्सिकोतल्या आकापुल्कोकडे निघाले. जपानला जायचा त्याचा विचारही नव्हता. गलबतावर फेलिपे दे हेसूस नावाचे तरुण फ्रान्सिस्कन ब्रदर होते. पुरोहितदीक्षेसाठी ते मायदेशी, मेक्सिकोला चालले होते.

इकडे मियाकोत गोन्सालोंचे दिवस कामात जात होते. फ्रान्सिस्कनांनी तिथे चर्च उभारले होते. शेजारी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालवली होती. शहर बघण्यासारखे होते. हिदेयोशीने १५९१ मध्ये मियाकोभोवती मातीचा प्रचंड तट घातला होता, तो बावीस किलोमीटरहून लांब. होको-जी मंदिरात बुद्धाची सुमारे १९ मीटर उंचीची लाकडी मूर्ती नुकतीच पुरी झाली होती. दक्षिणेला फुशिमीचा नवा गड दिमाखात उभा होता. तटाच्या आत वाढलेल्या वसईकराला तटबंदीचे अप्रूप नव्हते. पण एका माणसाच्या मर्जीवर एवढे शहर उभे राहते आणि त्याच माणसाच्या रागावर कोसळू शकते, हे तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते.

५ सप्टेंबर १५९६ : उरले १५३ दिवस

मध्यरात्रीच्या सुमारास धरणीकंप. फुशिमीचा गड ढासळला, शेकडो माणसे गाडली गेली. होको-जीचा महाबुद्धही भंगला. चीनच्या मिंग दरबाराचे वकील याच काळात जपानात आले होते. त्यांच्यासाठी केलेला थाटमाट मातीला मिळाला. पुढे त्यांच्याशी बोलणी फिसकटली आणि कोरियातले युद्ध पुन्हा पेटणार हे स्पष्ट झाले. गड बांधायला पैसा हवा, युद्धाला पैसा हवा. राजधानीवर संशयाचे आणि तुटवड्याचे सावट पडले.

१९ ऑक्टोबर १५९६ : उरले १०९ दिवस

वादळांनी डोलकाठ्या मोडलेले, पाणी भरलेले 'सान फेलिपे' शिकोकू बेटाच्या तोसा किनाऱ्यावर उरादोला लागले. बंदरात नेताना ते वाळूच्या बांधावर रुतले आणि फुटले. जपानी रिवाजाप्रमाणे किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजाचा माल तिथल्या सत्तेचा. गलबतावरचे लोक मदतीसाठी धावले ते मियाकोतल्या फ्रान्सिस्कनांकडे. रदबदली करायची जबाबदारी पेद्रो बाप्तिस्ता आणि त्यांच्या मठावर पडली. जहाज त्यांचे नव्हते, माल त्यांचा नव्हता. पण तेही स्पेनच्याच राजाचे लोक समजले जात होते.

नोव्हेंबर १५९६ : उरले दोन-अडीच महिने

हिदेयोशीचा अधिकारी माशिता नागामोरी माल ताब्यात घ्यायला उरादोला पोचला. जुन्या वृत्तांतांनुसार, गलबताच्या सुकाणूवाल्याने दरारा बसावा म्हणून जगाचा नकाशा पसरला आणि स्पेनच्या राजाचे मुलूख दाखवले. एवढे देश कसे जिंकले, या प्रश्नाचे उत्तर असे दिले की आधी धर्मगुरू जातात, मागून सैन्य जाते. हे नेमके कोण काय बोलले यावर स्पॅनिश आणि पोर्तुगीज पुढे वर्षानुवर्षे भांडले. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले. हिदेयोशीच्या कानावर जे गेले त्याचा परिणाम मात्र एकच झाला. १५८७ साली त्याने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, तो इतकी वर्षे निजला होता. आता तो जागा झाला.

इथे आपल्या माणसाची जागा नीट पाहावी. गोन्सालो पोर्तुगिजांच्या वसईत वाढलेले, आता स्पॅनिश संघात. भांडणाऱ्या दोन्ही पक्षांशी त्यांचे नाते होते. दोघांच्या वैरात सापडायला एवढे पुरेसे होते.

८ डिसेंबर १५९६ : उरले ५९ दिवस

मियाकोच्या मठाला शिपायांचा वेढा पडला. आत पेद्रो बाप्तिस्ता, गोन्सालो आणि त्यांचे सोबती. ओसाकातही धरपकड झाली; तिथे येशूसंघाचे पाउलो मिकी हाती लागले. याद्या झाल्या. राजधानीचा कारभार पाहणाऱ्या इशिदा मित्सुनारीने नावे होता होईल तेवढी कमी केली.

याच याद्यांतली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. शिपाई मठात नावे पुकारत होते. 'मातियास' अशी हाक दिली. मठाचा तो सेवक बाहेर गेला होता. शेजारी राहणारा एक गृहस्थ पुढे झाला : मी तो नव्हे, पण माझेही नाव मातियास आहे आणि मीही ख्रिस्ती आहे. शिपायांना संख्या भरायची होती. त्यांनी त्यालाच धरले.

३ जानेवारी १५९७ : उरले ३३ दिवस

हुकूम नाक-कान कापण्याचा होता. मित्सुनारीने तो डाव्या कानाच्या तुकड्यावर आणला. इचिजो भागातल्या मोदोरीबाशी पुलाजवळ चोवीस जणांचे कान कापले गेले. मग तिघातिघांना एकेका गाड्यावर बसवून मियाकोच्या रस्त्यांतून धिंड काढली. पुढे शिक्षेचा फलक : हे लोक फिलिपिन्सचे वकील म्हणून आले आणि बंदी असलेला धर्म सांगत राहिले, म्हणून नागासाकीला नेऊन यांना क्रुसावर चढवावे.

ज्या रस्त्यांनी गोन्सालो रोग्यांकडे जात, दरबारी निरोप नेत, बाजारहाट करत, त्याच रस्त्यांवर आता रक्ताने माखलेल्या मानेने त्यांना मिरवले जात होते. बघे दुतर्फा उभे. ते काय बोलत होते, ते गाड्यावरच्या परदेशी सोबत्यांपैकी सर्वांत चांगले त्यांनाच कळत असणार. भाषा न येणाऱ्याला गर्दीचा नुसता गलका ऐकू येतो. भाषा येणाऱ्याला त्यातला प्रत्येक शब्द झेलावा लागतो.

१० जानेवारी १५९७ : उरले २६ दिवस

ओसाका आणि साकाई इथेही धिंड झाली, आणि जमिनीवरून नागासाकीची वाट सुरू झाली. अंतर सुमारे ८०० किलोमीटर, ऐन हिवाळ्यात, बहुतेक पायी. वाटेत सेवा करायला बरोबर निघालेल्या दोघांनाही पहारेकऱ्यांनी कैद्यांत घेतले. चोवीसचे सव्वीस झाले.

मिहाराच्या गडात मुक्काम असताना चौदा वर्षांच्या तोमास कोझाकीने आईला पत्र लिहिले. त्याचे वडील मिगेलही याच कैद्यांत होते. आईची काळजी आणि धाकट्या भावंडांना जपावे अशी विनवणी त्या पत्रात होती. ते आईपर्यंत पोचायचे होते. पुढे ते वडिलांच्या मृतदेहावर, रक्ताने भिजलेले सापडले.

१ फेब्रुवारी १५९७ : उरले चार दिवस

कारात्सूजवळ तेराझावा हाझाबुरोने कैद्यांचा ताबा घेतला. नागासाकीच्या कारभाऱ्याचा हा भाऊ, शिक्षेची अंमलबजावणी त्याच्यावर. पाउलो मिकी त्याच्या ओळखीचे. कैद्यांत सर्वांत लहान लुइस इबाराकी, वय बारा. धर्म सोडलास तर जीव वाचवतो, असे हाझाबुरोने त्याला सांगून पाहिले. मुलाने नकार दिला.

नागोयाचा गड याच परिसरात. चार वर्षांपूर्वी वकिलातीचे दुभाषी म्हणून सन्मानाने गोन्सालो याच भागात आले होते. आता ते बेड्यांत तिथून गेले.

४ फेब्रुवारी, दिवस : उरले २४ तास

डोंगर ओलांडून सगळे ओमुरा आखाताच्या काठी सोनोगीला आले. हात बांधलेले, काहींच्या गळ्यात दोर. संध्याकाळी होड्यांत बसवले.

४ फेब्रुवारी, रात्री ११ च्या सुमारास : उरले अकरा तास

होड्या तोकित्सूला लागल्या. रात्री उतरवले तर नागासाकीचे ख्रिस्ती लोक गोळा होतील, या भीतीने कैद्यांना होड्यांतच ठेवले. रात्रभर बोचरी थंडी. वसईच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या या माणसाची ही शेवटची रात्र पाण्यावरच गेली.

५ फेब्रुवारी, पहाट : उरले चार-पाच तास

नागासाकीकडे शेवटची पायपीट सुरू झाली. वाटेत उराकामीच्या कुष्ठरोगी आश्रमापाशी थोडा वेळ मिळाला. येशूसंघाचे फादर पासिओ आणि प्रसिद्ध दुभाषी जोआँव रोद्रिगेस भेटायला आले. फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय यांच्यात जपानात कोणी काम करावे यावरून वर्षानुवर्षे तेढ होती. पेद्रो बाप्तिस्तांनी, आपल्या लोकांमुळे काही त्रास झाला असेल तर क्षमा असावी, असे सांगितले. पलीकडूनही क्षमा मागितली गेली. जे भांडण दरबारात मिटले नाही ते रस्त्यावर मिटले.

५ फेब्रुवारी, सकाळी १० च्या सुमारास : शेवटचा तास

निशिझाका टेकडी. नेहमीच्या गुन्हेगारांची फाशीची जागा टाळून समोरच्या गव्हाच्या शेतात, बंदराकडे तोंड करून, सव्वीस क्रूस आडवे ठेवले होते. प्रत्येकाला दोन आडव्या फळ्या, मध्ये टेकायला खुंटी. हातापायांना आणि गळ्याला लोखंडी कड्या, कमरेला दोर.

वृत्तांत सांगतात की गोन्सालो सरळ एका क्रुसाकडे गेले आणि विचारले, हा माझा का? शिपायाने सांगितले, तुझा नव्हे. त्यांना दुसऱ्याकडे नेले, तिथे ते गुडघ्यांवर बसले आणि क्रुसाला मिठी मारली. सगळे क्रूस उभे झाले तेव्हा पाउलो मिकींनी जमावाला उद्देशून भाषण केले, कोणी स्तोत्रे म्हणू लागले, आणि गोन्सालोंनी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' आणि 'नमो मरिया' या प्रार्थना मोठ्या आवाजात म्हटल्या. मग भालेकरी जोडीजोडीने पुढे झाले. दोन्ही बाजूंनी एकेक भाला. फेलिपे दे हेसूस, ज्यांचे जहाज जपानला यायचेच नव्हते, तेही त्याच रांगेत होते.

त्यानंतर

१४ सप्टेंबर १६२७ रोजी हे धन्यवादित, ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांच्या हस्ते संत घोषित झाले. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत म्हणून गोन्सालोंचे नाव घेतले जाते. गासला त्यांच्या नावाचे चर्च आहे, वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. कॅथलिक पंचांगात या सव्वीस जणांचा सण ६ फेब्रुवारीला येतो.

पण माझ्या मते वसईने त्यांचा अर्धाच भाग जपला आहे. वेदीवरचा संत आपल्याला माहीत आहे. समुद्र ओलांडून परक्या शहराची भाषा शिकलेला, धंदा उभा करून तो सोडलेला, दोन सत्तांमध्ये बोलणी करणारा माणूस आपण मुलांना सांगत नाही. धर्म कोणताही असो, हा प्रवासी समस्त वसईकरांचा आहे. पापडीतून आज मुले नोकरीसाठी आखातात, जहाजांवर, युरोपात जातात. परक्या गावात आपली गणना आपल्या कामावरून होत नाही, ज्यांच्यात आपल्याला धरले जाते त्यांच्या वागण्यावरून होते. हे त्यांना निघण्याआधी कळायला हवे, आणि ते शिकवायला गोन्सालोंच्या या २०८ दिवसांहून चांगला धडा नाही.

नागासाकीच्या रेल्वे स्थानकापासून निशिझाका टेकडी पायी काही मिनिटांवर आहे. १९६२ पासून तिथे संग्रहालय आहे आणि शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी घडवलेल्या सव्वीस जणांच्या ब्राँझच्या मूर्ती एका रांगेत उभ्या आहेत. जपानला जाणाऱ्या वसईकराने बाकी काही पाहिले नाही तरी चालेल. त्या रांगेत आपल्या गावचा माणूस कोणता, एवढे मात्र विचारून यावे.